नंदूकाकांचा बोल्ट आणि दर शनिवार

आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये कोणीतरी एक आहे. नाव घेत नाही. पण त्यानेच नंदूकाकांना सिटिझनशिपच्या पार्टीत सांगितलं, की आता एक रायफल घ्या, म्हणजे पक्के अमेरिकन झालात. पुरणपोळी खाता खाता सांगितलं आणि घरी निघून गेला. निस्तरतोय आम्ही! या रायफलचे किस्से म्हणजे आमच्या शिकागोजवळच्या नेपरव्हिलचा बर्फ. फावड्याने बाजूला करावा आणि वळून बघावं, तर पुन्हा तेवढाच.

*

मी काकांच्या बेसमेंटमध्ये राहते. मास्टर्स करते आणि बंदुकांच्या विरोधातल्या प्रत्येक मोर्च्यात फलक घेऊन उभी असते. काकांनी रायफल घेतलीच, आणि तिची तिजोरी आली ती नेमकी माझ्या पलंगाशेजारी. आता माझा फलक टेकवायला तेवढी एकच जागा उरली आहे.

मला ती सेमी-ऑटोमॅटिक रायफल घराबाहेर हवी होती, आणि शैलाकाकूंनाही. काका भाषणाने बधेनात. उलट मलाच विचारलं, बोल्ट किती वेळा साफ करायचा असतो? बोल्ट म्हणजे गोळी आत ढकलणारा आणि रिकामी पुंगळी बाहेर काढणारा लोखंडी तुकडा. मॅन्युअलमध्ये साधं लिहिलं होतं: वापरलीत की पुसा, एरवी अधूनमधून बघा. पण मी विचार केला, काम वाढलं की माणूस वैतागून विकून टाकेल. म्हटलं, "दर शनिवारी. वापरा, नाहीतर नका वापरू."

काकूंनी कपाळाला हात लावला. "इरा, अगं हा माणूस पुण्यात दर रविवारी स्कूटरचा प्लग काढून पुसायचा. स्कूटर विकली तेव्हा प्लग ठेवून घेतला."

*

शनिवार लागले. डायनिंग टेबलवर वर्तमानपत्र, जुना टूथब्रश, वाटीत तेल. कापसाचे बोळे संपले म्हणून एकदा काकांनी काकूंच्या सगळ्या फुलवाती वापरल्या. संध्याकाळी दिवा लावायला गेल्यावर काकूंच्या हाताला डब्यात नुसत्या काळ्या वाती लागल्या.

त्या शांतपणे म्हणाल्या, "आज देवापुढे बोल्ट लावते."

*

माझं शनिवारचं प्रकरण कोणीतरी व्हॉट्सॲपवर टाकलं आणि ग्रुप पेटला. देशमुखकाका सॉफ्टवेअरमधले. त्यांचा सल्ला असा, की चालू सिस्टिमला हात लावायचा नाही, बंद पडली की बघू. जोगळेकर मावशी डेंटिस्ट. त्या म्हणाल्या, प्रत्येक वापरानंतर, आणि झोपण्यापूर्वी एकदा. खरं तर त्यातलं अर्धं बरोबर होतं, पण मी आपला शनिवार सोडला नाही.

मावशींनी शेवटी विचारलं, की आतापर्यंत गोळ्या किती झाडल्या?

काकांनी ग्रुप म्यूट केला.

*

मग काकूंनी अट घातली. दसऱ्याला शूटिंग क्लबची परीक्षा आहे, ती पास व्हा. नाहीतर ती वस्तू घरातून जाईल. मला वाटलं, जिंकलो!

आदल्या दिवशी खंडेनवमी. शस्त्रपूजा नको का? काकांनी रिकामी रायफल उघडली, बोल्ट काढून पाटावर ठेवला. हळद, कुंकू, झेंडू, अक्षता. काकूंनीही नमस्कार केला. देवाच्या बाबतीत त्या भांडण ठेवत नाहीत. पूजा झाल्यावर काका बोल्ट तसाच परत बसवायला लागले. मी कितीही त्यांच्या विरोधात असले, तरी राहवलं नाही. म्हटलं, काका, पुसून तरी घ्या.

काकांनी कॅलेंडरकडे बघितलं. "आज शनिवार नाहीये."

*

परीक्षेत पहिल्याच गोळीला बोल्ट अर्ध्यात अडकला. रेंजवर देखरेख करणारा अर्ल नावाचा उंच, गंभीर माणूस आला. त्याने रायफल रिकामी केली, चिमट्याने काहीतरी बाहेर काढलं आणि तळहातावर ठेवून काकांपुढे धरलं. कुंकू लागलेला तांदळाचा दाणा.

काकांनी इंग्लिशमध्ये समजावलं, की हा आशीर्वाद आहे.

अर्लने दाणा चिमट्याने उलटा करून बघितला. मग म्हणाला, "आमच्याकडे तांदूळ लग्नात उधळतात."

काका नापास.

*

माझं म्हणणं होतं, की विकायची नाही, पोलिसांकडे देऊन मोडीत काढायची. विकली तर ती फक्त दुसऱ्याच्या बेसमेंटमध्ये जाणार! काका दुखावले. इतके शनिवार पुसलेली वस्तू मोडीत? काकू म्हणाल्या, कुठेही जाऊ दे, पण जाऊ दे. म्हणून आम्ही तिघं ती विकायला बंदुकांच्या दुकानात गेलो.

काउंटरवर पांढऱ्या दाढीचे एक आजोबा होते. त्यांनी बोल्ट बाहेर काढला, दिव्याखाली धरला, खाचेतून बोट फिरवलं. बोट बघितलं, कोरं. मग चष्मा पुसून पुन्हा बोट बघितलं. विचारलं, की हा किती वेळा साफ करता?

"दर शनिवारी," काका म्हणाले.

काकूंनी माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरच्या हरणाच्या मुंडक्याकडे बघितलं.

आजोबांनी बोल्ट मखमलीच्या कापडावर अलगद ठेवला, काकांचा हात दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाले, "साहेब, इतकी निगा राखणाऱ्या माणसाने एका रायफलवर थांबू नये."