वीस ते सोळा चढ

कोल्हापुरात म्हैस दारात आणून गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढून द्यायची पद्धत होती. यात फसवायला जागा कुठे आहे? तरी मी गवळ्याचं भांडं आधी हातात घेऊन उलटं करून बघत असे. एखादा थेंब खाली पडला की मी गवळ्याकडे बघे आणि गवळी माझ्याकडे. एकदा तो वैतागून म्हणाला, "मास्तर, म्हशीलाबी उलटी करून बगा की एकदा." शेजारपाजारचे हसले. मी दूध घेतलं, पण खोलीवर आल्यावर नखावर थेंब धरून पाहिलाच.

कावीळ झालेल्याला सगळं पिवळं दिसतं म्हणतात. माझी कावीळ जुनी होती. मॅट्रिकला भूमितीच्या पेपरात पुढच्या मुलाच्या खांद्यावरून मी एक अख्खं प्रमेय उतरवून काढलं होतं. पकडला गेलो नाही. पास झालो, बी.एस्सी. झालो आणि एका खाजगी हायस्कुलात गणिताचा मास्तर म्हणून लागलो. संस्थान विलीन होऊन तीन-चार वर्षं झाली असतील. आपण केलं ते प्रत्येकजण करत असणार, ही माझी तेव्हाची पक्की समजूत होती. परीक्षेच्या वेळी इतर मास्तर खुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचत, मी भिंतीकडेनं मांजरासारखा फिरत असे.

मॅट्रिकच्या वर्गात त्या वर्षी दोन चुलत बहिणी होत्या. शाहूवाडीकडच्या एका खेड्यातल्या, भातशेती करणाऱ्या घरातल्या. शहरात आत्याकडे राहून शिकत होत्या. थोरली सतरा वर्षांची, उंच, कमी बोलणारी. धाकटी वर्षाने लहान, थोरलीच्या मागेमागे असणारी. थोरलीच्या वडिलांनी दाखल्याच्या वेळी हेडमास्तरांसमोर अट सांगितली होती: मॅट्रिक होईपर्यंत लग्नाचं नाव काढणार नाही, पण शाळेकडून एक जरी वावगा शब्द घरी आला तर त्याच दिवशी शिक्षण बंद. हेडमास्तरांनी ती अट आम्हा सगळ्या मास्तरांच्या कानावर घातली होती. म्हणजे मला ती माहीत होती. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नको.

दोघी एका बाकावर बसत आणि दोघींना गणितात जवळजवळ सारखेच मार्क पडत. एवढं मला पुरेसं होतं. सहामाहीच्या आधीच मी त्यांना वेगळं केलं. थोरलीला पहिल्या बाकावर, माझ्या टेबलापुढे. धाकटीला शेवटच्या बाकावर, खिडकीच्या उलट्या कोपऱ्यात. थोरली मुकाट्याने दप्तर घेऊन पुढे आली. मला तिचं ते मुकाट्याने येणंही आवडलं नाही.

सहामाहीत मी आलेखावर एक प्रश्न घातला. पुस्तकातली उदाहरणं कोरडी असतात म्हणून स्वतः बनवलेला. फळ्यावर चौकटी आखून एक रेघ काढली. आडव्या अक्षावर कोल्हापूरपासूनचं अंतर मैलांत, उभ्या अक्षावर रस्त्याची उंची. रेघ शून्यापासून सहापर्यंत सपाट, सहा ते बारा वर चढत गेलेली, बारा ते सोळा पुन्हा सपाट आणि सोळा ते वीस जराशी खाली उतरलेली. रस्ता कुठे चढतो, कुठे उतरतो आणि कुठे सपाट राहतो ते अंतरं देऊन लिहा, आठ मार्क. वर मी तोंडाने सांगितलं, "समजा, हा आपला शाहूवाडीकडे जाणारा रस्ता आहे. अंतरं मी सोयीची घेतली आहेत." हे सांगताना मी त्या दोघींकडे बघितलं होतं. त्यांना ओळखीचं वाटावं, एवढाच हेतू होता. शपथेवर सांगतो, त्यात संशय नव्हता.

दिवाळीच्या सुट्टीत पेपर तपासायला घेतले. या प्रश्नात मुलांच्या चुका ठरलेल्या असत. कुणी अंतराऐवजी उंचीचे आकडे लिही, कुणी रेघ वरच्या बाजूला आहे म्हणून सपाट भागालाही चढ म्हणे. थोरलीच्या पेपरात भलतंच होतं. "वीस ते सोळा चढ. सोळा ते बारा सपाट. बारा ते सहा उतार. सहा ते शून्य सपाट." चढाचा उतार आणि उताराचा चढ. शिवाय आकडेही उलटे, मोठा आधी आणि लहान नंतर. अशी चूक मी कधी पाहिली नव्हती. मी गठ्ठ्यातून धाकटीचा पेपर ओढून काढला. तिथेही तेच, शब्द न् शब्द.

माझ्या अंगात जी तरतरी आली ती सांगायला आता लाज वाटते. सापडल्या, असं मी मोठ्याने म्हणालो. उरलेले पेपर तसेच ठेवून मी दोन दिवस फक्त या गोष्टीच्या मागे लागलो. मधे पाच बाकं, तीसेक मुलं आणि मी स्वतः फिरता. मग उत्तर गेलं कसं? शिपाई पाणी द्यायला दोनदा आत आला होता, तो मला एकदम लबाड वाटायला लागला. पण शिपायाच्या तोंडून चार ओळी इतक्या नेमक्या जातील का? आणि आकडे उलटे का?

शाळा उघडली त्या दिवशी मी थोरलीचं दप्तर तपासलं. कंपासपेटीत, गुण्या आणि पेन्सिलीच्या तुकड्याखाली, रुपयाएवढा गोल आरसा निघाला. कुंकू नीट करायला मुली ठेवत तसा. मला मात्र सगळं लख्ख दिसलं. आरशात उलटं दिसतं, म्हणून उत्तरं उलटी. पुढे बसलेल्या मुलीने आरशातून मागचं बघितलं असणार. धाकटीचं उत्तरही मग उलटं का, हा प्रश्न मला पडला नाही. ज्याला उत्तर हवंच असतं त्याला असे प्रश्न पडत नाहीत.

मी दोघींना हेडमास्तरांच्या खोलीत उभं केलं. टेबलावर दोन पेपर आणि आरसा. "कुणी कुणाचं बघितलं?" धाकटी रडायला लागली. थोरली म्हणाली, "म्या न्हाई बघितलं, सर. हिनंबी न्हाई." मी म्हणालो, "मग दोघींची एकच चूक कशी?" तिने पेपर हातात घेतला, आपलंच उत्तर पुन्हा वाचलं आणि मला विचारलं, "ह्यात चुकलंय कुठं? तेवढं सांगा की सर."

"ते तुला ठाऊक आहे," मी म्हणालो.

गणिताच्या मास्तरने एवढंच करायचं असतं, चूक कुठे आहे ते दाखवायचं. मी खडू उचलला असता तर दोन मिनिटांत सगळं उलगडलं असतं. पण ती निर्ढावलेपणाने नाटक करते आहे असं मला वाटलं. मी आठांपैकी शून्य दिलं होतं तेच बोटाने दाखवलं. हेडमास्तरांनी दोघींना गावी पाठवलं आणि चौकशी पुरी होईपर्यंत त्यांचे मॅट्रिकचे फॉर्म अडवून ठेवले.

आठवड्याने हेडमास्तर मला म्हणाले, "वडिलांना पत्र धाडलं, उत्तर नाही. आरोप तुमचा आहे, तुम्हीच जाऊन समक्ष सांगून या. मुलींनी कबुली दिली तर माफी लिहून घेऊ आणि फॉर्म पाठवू." मला ते पटलं. घरच्यांसमोर कबूल करतील, अशी माझी अटकळ होती.

रविवारी सकाळच्या एस.टी.ने निघालो. वाघबीळच्या चढाला गाडी कुंथायला लागली तेव्हा मला माझा आलेख आठवला आणि आपण तो बरोबर काढला याचं समाधान वाटलं. फाट्यावर उतरून अर्धा तास चाललो. थोरलीचे वडील खळ्यावर होते, भात झोडणं चाललं होतं. डोक्याला टॉवेल, अंगभर भाताची कुसळं. त्यांनी मला घोंगड्यावर बसवलं, तांब्याभर पाणी दिलं आणि समोर उकिडवे बसले. पोरींचा विषय त्यांनीच काढला.

"पोरींनी चोरी केली म्हंता. काय चोरलं त्ये तर सांगा. मला काय लिवता-वाचता येत न्हाई, पर सांगितलं तर कळंल."

मी काडी घेतली आणि खळ्याच्या सारवलेल्या जमिनीवर रेघ ओढली. हे कोल्हापूर, म्हणून डावीकडे काडी टेकवली. हा सपाट भाग, हा घाट, हा वरचा सपाट सडा आणि हा शेवटचा उतार, तुमच्या गावापर्यंत. ते रेघेकडे बघत राहिले. मग त्यांनी उजव्या टोकावर बोट ठेवलं.

"ह्ये आमचं गाव न्हवं?"

"हो."

बोट तिथून निघालं. "हितनं सड्यावर चढ लागतो. मग सडा, त्यो सपाट. मग वाघबीळचा उतार. तितनं फुडं कोल्हापूरपातूर सपाटच की वाट." बोट माझ्या शून्यावर येऊन थांबलं. "पोरींनी काय लिवलं?"

मी सांगितलं. वीस ते सोळा चढ, सोळा ते बारा सपाट, बारा ते सहा उतार.

"मग बरोबर लिवलंय की," ते म्हणाले.

आलेख डावीकडून उजवीकडे वाचायचा, हे मी वर्गात कधी सांगितलं होतं की नाही, मला आठवेना. शून्याकडून निघायचं हे मला इतकं उघड वाटत होतं की ते सांगावं लागतं हेच कधी सुचलं नव्हतं. वर्गातल्या बाकी सगळ्यांचं घर शून्यावर होतं. या दोघींचं घर विसावर होतं, आणि मीच त्यांना तो त्यांच्या गावचा रस्ता आहे म्हणून सांगितलं होतं. माणूस वाट सांगतो ती आपल्या दारापासून. आरसा नाही, शिपाई नाही, खुणा नाहीत. दोघी पाच बाकांच्या अंतरावर बसून एकाच घरातून निघाल्या होत्या.

मी तिथल्या तिथे चूक कबूल केली. म्हणालो, दोष माझा आहे, उद्याच हेडमास्तरांना सांगतो, दोघींचे फॉर्म जातील, तुम्ही त्यांना पाठवा.

त्यांनी टॉवेल सोडून तोंड पुसलं. "धाकलीला न्या. तिच्या बापाला म्या सांगतो. थोरलीची सुपारी फुटलीया परवा. मार्गशीर्षात लगीन हाय तिचं."

"अहो, पण चूक माझी होती. तिची नव्हती."

"व्हय, म्हनला न्हवं आत्ता. पर मास्तर, तुमी एवढं शिकल्यालं, तुमाला पोरीचा संशव आला. आता ठरल्यालं मोडलं तर गाव काय म्हनंल? म्हनंल, पोरीतच कायतरी खोट हाय. त्यास्नी काय मी रेघ काढून दावू?"

ते रागाने बोलले नाहीत. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. मी पुन्हा दोनदा विनवलं. दुसऱ्या वेळी त्यांनी ऐकून घेतलं आणि उठून भाताची पेंढी हातात घेतली.

परत निघालो तेव्हा थोरली पाणंदीच्या तोंडाशी उभी होती. डोक्यावर पदर. मी तिला पहिल्यांदाच लुगड्यात पाहत होतो. बापाशी झालेलं बोलणं तिने ऐकलं असावं. माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "सर, चूक कुठं झाली, त्ये आता तरी सांगा."

मी सांगितलं. डावीकडून, शून्यापासून वाचायचं असतं. तो नियम आहे. मी सांगायला हवा होता.

तिचे ओठ हलत होते, मनात ती रेघ पुन्हा वाचत असावी, या वेळी माझ्या बाजूने.

"म्हंजे चढ-उतार उलटं झालं," ती म्हणाली. "पर सपाट तर दोन्हीकडनं सपाटच की. बारा ते सोळा म्हना, न्हाईतर सोळा ते बारा. त्याचे मार्क का न्हाई दिलं?"

संशय आल्यावर मी उत्तर वाचलंच नव्हतं. चार ओळींतल्या दोन ओळी माझ्याही बाजूने बरोबर होत्या आणि मी चारही ओळींवर एकच तांबडी रेघ मारली होती. मी फाट्याकडे चालायला लागलो.

दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांना सगळं सांगितलं. ते बराच वेळ आपल्या टाकाचं टोक पुसत बसले, मग म्हणाले, "आरसा तेवढा परत करा." दोन्ही पेपरांवरचं शून्य खोडून मी चार केले आणि शेजारी सही केली. पुरे आठ द्यावेत असं मनात होतं, पण तिने चारच मागितले होते.

धाकटी आठवड्याने आली. तिचा पेपर आणि बहिणीचा आरसा तिच्या हातात दिला. ती मागच्या बाकावर जाऊन बसली, तिला पुढे ये म्हणायचं धैर्य मला झालं नाही. मार्चच्या परीक्षेत ती पास झाली. थोरलीचा पेपर न्यायला कुणी आलं नाही. वर्षअखेरीला शिपाई रद्दी गोळा करायला आला तेव्हा गठ्ठा त्याला दिला आणि तो एक पेपर काढून ठेवला. आठांपैकी चार, माझी सही, आणि खाली तिच्या अक्षरात, वीस ते सोळा चढ.