पाचवा वाटा

नागावला आमचा होमस्टे आहे. वाडीत नारळाची झावळी पडली तरी मुंबईचे गेस्ट मला फोन करतात... दादा, छपरावर कोणीतरी चालतंय! मी त्यांच्या हातात बॅटरी देतो आणि सांगतो, जाऊन बघा, भूत असेल तर चहा घेणार का विचारा. या पेजवरचे अनुभवसुद्धा मी बायकोला वाचून दाखवायचो ते हसायलाच. तेव्हा आता मीच इथे लिहायला बसलोय म्हटल्यावर तुम्हीही हसलात तर माझी तक्रार नाही. पण हे मनात ठेवून झोप लागत नाही, म्हणून लिहितोय.

होळी झाली की पाडव्याच्या आत एक दिवस आम्ही गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला, जातो. पेणच्या पूर्वेला डोंगरात माझ्या मामाचं गाव आहे, त्याच्या वरच्या अंगाला एक छोटं धरण आहे. नाव देत नाही, उगाच गर्दी होईल. गावातली माणसं खाडीतून जिताड्याची पिल्लं आणून त्या पाण्यात सोडतात. दोन-तीन वर्षांत ती अशी पोसतात की एक मासा दोन हातांत मावत नाही. फाल्गुनात पाणी उतरलेलं असतं, ऊन तापायला लागलेलं असतं, तेव्हा जिताडा गळाला चांगला लागतो.

जाणारे आम्ही चौघंच. मी, माझा धाकटा भाऊ संदेश, पेणला शाळेत शिकवणारा माझा मित्र मिलिंद आणि नानामामा, म्हणजे आईचा सख्खा भाऊ. होडी मामाची. संदेश न्हावा शेव्याला कंटेनर यार्डात कामाला आहे. साखरपुडा झालेला, वैशाखात लग्न. त्यामुळे या वेळी सगळे त्याच्याच मागे लागलेले होते.

"यंदाचा गरवून घे रं संद्या," होडी ढकलताना मामा म्हणाला, "फुडल्या साली बायको सोडाची न्हाय."

"मामा, मामी तुम्हाला सोडते ना?"

"तिला मासली लागते, मी नसलो तरी चालतंय!"

हे मुद्दाम लिहितोय. सकाळी मामा संदेशशी बोलत होता, त्याच्या पाठीत धपाटे घालत होता, त्याच्या डब्यातली भाकरी खात होता. हे माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

आमच्याकडे रॉड, रील, सगळा थाट. मामाकडे नुसती दोरी, गरी आणि जिवंत कोळंबी. तरी दरवर्षी मामाच जिंकतो. या वेळी मात्र मोठा मासा संदेशला लागला. रील अशी ओरडली की मिलिंद दचकून होडीत बसलाच. बराच वेळ झुंज चालली. शेवटी मामाने जाळीत घेतला तेव्हा संदेशचे हात थरथरत होते आणि तो लहान मुलासारखा हसत होता. "डोकं माझं हां," तो म्हणाला. जिताड्याच्या डोक्याचं कालवण म्हणजे त्याचा जीव की प्राण. आमच्या घरी डोक्यासाठी त्याच्याशी कोणी भांडत नाही.

दुपारी बांधावरच्या आंब्याखाली मासे कापले आणि वाटे घातले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे मिळून धरलेल्या माशांचे सारखे ढीग करतात. माणशी एक आणि होडीचा एक. मग वडीलधारा माणूस ढिगांकडे पाठ करून बसतो. दुसरा एका ढिगावर बोट ठेवून विचारतो, हा कोणाचा? पाठमोरा माणूस नाव घेतो. त्याला ढीग दिसत नाही, म्हणून कोणाला मोठा तुकडा, कोणाला शेपूट, यावरून भांडण होत नाही. पण नाव तोंडाने घ्यावंच लागतं. होडीला तोंड नाही, तरी तिचंही घेतात.

पळसाच्या पानांवर पाच वाटे होते. मामा पाठ करून बसला. बोट मी ठेवत होतो.

"हा कोणाचा?"

"होडीचा."

"हा?"

"मास्तरांचा."

"हा?"

"तुजा."

"हा?"

"माजा."

मी पाचव्या वाट्यावर बोट ठेवलं. "आणि हा?"

मामा म्हणाला, "संपली की मानसा."

मिलिंद खो खो हसला. संदेश म्हणाला, "ओ मामा, मासा मी धरला आणि मीच नाही?" मामाने वळूनसुद्धा पाहिलं नाही. त्याची मस्करी अशीच असते, चेहरा दगडासारखा ठेवून करतो. मला भूक लागली होती, ऊन डोक्यावर होतं. मी म्हटलं, "जाऊ दे, आमची चूल एकच आहे," आणि पाचवा वाटा उचलून माझ्याच वाट्यात टाकला.

"अरे, नाव तरी घेऊ दे माझं," संदेश म्हणाला. मी पिशवीला गाठ मारली.

मामा उठला. त्याला पाणी हवं होतं. संदेशने तांब्या पुढे केला. मामा त्याच्या बाजूने गेला आणि वाकून कळशीतून ओंजळीने पाणी प्यायला. मग तोंड पुसत मला म्हणाला, "संद्याला का न्हाय आनलास रं या टायमाला?"

मी हसलो. संदेशही हसला. तांब्या त्याच्या हातात तसाच होता.

गाडी झाडाखाली लावली होती. संदेश नेहमीसारखा पुढे बसला. मिलिंदने पुढचा दरवाजा उघडला आणि सरळ त्याच्या अंगावर बसायला लागला. संदेश कसाबसा मधून सरकून मागे गेला. "सर, बस झाली आता मस्करी," तो म्हणाला. मिलिंदने पट्टा लावला आणि मला म्हणाला, "तिघांत एवढे मासे! पुढच्या वर्षी संदेशला आणच, बिचारा मुकला."

आता मिलिंद कसा आहे ते सांगायला हवं. बाबासाहेबांचा फोटो असलेल्या घरात वाढलेला, नवस-अंगारे वगैरेंवर तासभर लेक्चर देणारा माणूस. त्याला खोटं बोलता येत नाही, वर्गातली पोरंसुद्धा त्याला पकडतात. मी आरशात संदेशकडे पाहिलं. तो हसत नव्हता.

पेणच्या अलीकडे चहाला थांबलो. मिलिंद म्हणाला, "दोन कटिंग."

"तीन," मी म्हटलं.

"तू दोन पिणार?"

चहावाल्याने तिसरा ग्लास माझ्याच पुढे ठेवला. बाकड्यावर माझ्या शेजारी संदेश बसला होता. एक बाई आली आणि त्याच्या मांडीवर पिशवी ठेवायला लागली, रिकाम्या जागेवर ठेवतात तशी. तो ताडकन उठला. त्याने माझं मनगट धरलं, हात बर्फासारखा गार होता. हळूच म्हणाला, "दादा, तुला दिसतोय ना मी?"

"दिसतोयस रे. वेडा आहेस का?"

असं म्हणालो खरा, पण माझी पाचावर धारण बसली होती. कोणाला काय सांगणार? डॉक्टरकडे नेऊ तर कोणाला नेऊ... ज्याला कोणी बघत नाही त्याला, की ज्याला तो दिसतोय त्या मला? मिलिंदला मी बाजूला घेऊन म्हटलं, "संदेश इथे उभा आहे." त्याने माझ्या कपाळाला हात लावला. "ऊन लागलंय तुला. गाडी चालवशील ना?"

मिलिंदला पेणला सोडलं. पुढे वडखळला ट्रॅफिक होतं. मी गाणी लावली, डोकं ठिकाणावर ठेवायला. पोयनाडच्या नाक्यावर मला एकदम वाटलं, काहीतरी धरणावर विसरलं. रॉड? मोबाइल? मी कचकन ब्रेक मारून मागे वळलो. मागच्या सीटवर संदेश बसला होता, माशांची पिशवी मांडीवर घट्ट धरून. डोळे लाल झाले होते. "झोप लागली होती का रे?" मी विचारलं. त्याने बाहीने तोंड पुसलं.

घरी आलो. आई मागच्या पडवीत कोकमं निवडत बसली होती. मला वाटलं, जग इकडचं तिकडे होईल, पण आई?

"एकटाच आलास?" आई म्हणाली. "संदेश मामाकडं ऱ्हायला वाटतं?"

संदेश तिच्यापासून दोन हातांवर उभा होता. "आई," तो म्हणाला. मग जोरात, "आई!"

तिने मान वर केली. मला वाटलं, ऐकू आलं. ती वाडीकडे बघत म्हणाली, "मेला कावला कवापासून ओरडतोय."

संदेश तिथेच खाली बसला. इतका मोठा माणूस, यार्डात क्रेनखाली उभा राहणारा, गुडघ्यात डोकं घालून बसला. मला रडू यायला लागलं. आत माझी बायको सीमा मसाला वाटत होती. तिने बाहेर येऊन विचारलं, "काय झालं हो? भावजी कुठेत?" मी नुसती मान हलवली, ती परत आत गेली.

मग ते का सुचलं, मला माहीत नाही. मी पिशवी उघडली, केळीचं पान फाडलं आणि पडवीत चार वाटे घातले.

"आई, तिकडे तोंड करून बस."

"येड लागलं काय रं तुला?"

"बस ना गं. माझ्यासाठी."

पुटपुटत ती भिंतीकडे तोंड करून बसली. मी पहिल्या वाट्यावर बोट ठेवलं.

"हा कोणाचा?"

"सीमाचा."

"हा?"

"माझा. आन लवकर आटप, वास मारतील."

"हा?"

"तुझा."

चौथ्यावर बोट ठेवून मी विचारलं, "हा कोणाचा, आई?"

ती थांबली. माहेरी तिने लहानपणापासून असे वाटे सांगितलेले. पण नाव येईना. आत पाट्यावर वरवंटा फिरत होता तोही थांबला. संदेश मान वर करून तिच्या पाठीकडे बघत होता. तसं बघायची वेळ परत कोणावर न येवो.

"संपली की माणसं," आई म्हणाली.

ढिगात काय आहे ते सांगायचं नसतं. तो नियमच आहे, नाहीतर पाठ करून बसण्याला अर्थ काय. मी नियम मोडला.

"आई, यात डोकं आहे. जिताड्याचं."

"डोकं?" ती म्हणाली. मग वैतागून म्हणाली, "मंग इचारतोस काय? डोकं संदेशचं! त्याच्याबिगर या घरात डोकं कोण खातंय?"

आणि ती वळली. तिची नजर माझ्यावरून पलीकडे गेली. "आन तू रं? चिखलाचे पाय घेऊन पडवीत बसलास? ऊठ, पाय धू आधी!"

संदेश उठला आणि तसाच चिखलाच्या पायांनी तिच्या गळ्यात पडला. ती आपली ओरडतेय, माझं लुगडं, माझं लुगडं! सीमा दारात येऊन म्हणाली, "अगंबाई, भावजी, तुम्ही कधी आलात?" मी खांबाला टेकून बसलो.

संध्याकाळी मामाचा फोन आला, संद्याला डोकं आवडलं का विचारायला. मी वाट्यांबद्दल विचारलं तर म्हणाला, "पाची नावा घेतली की मी. शेवटचा संद्याचा." मिलिंदही तेच म्हणाला, संदेश पेण येईपर्यंत मागे बसून बडबड करत होता म्हणून. वर मला ऊन लागलं होतं यावर त्याचं अजून ठाम मत आहे. मामा आणि मिलिंदने मिळून मस्करी केली असं धरलं, तर चहावाला? ती बाई? आणि माझी आई? संदेशने ती हाक मारली तेव्हा सबंध वाडीत कावळा नव्हता.

संदेश त्या दिवसावर कधी बोलला नाही. मीही विषय काढला नाही. लग्नाच्या आदल्या दिवशी आम्ही दोघं मांडवाला आंब्याच्या फांद्यांचे टाळे बांधत होतो. त्याचा मूड चांगला होता, म्हणून मी धीर करून म्हटलं, "एक बरं होतं. निदान मला तरी तू दिसत होतास."

त्याने सुतळीची गाठ पुरी केली. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "पेणपासून पोयनाडपर्यंत नाही, दादा."

"म्हणजे?"

"पेण सोडल्यावर तू मला विचारलंस, भूक लागली का. मी हो म्हटलं. तुला ऐकूच आलं नाही. वडखळला मी तुझ्या खांद्याला धरून हलवलं. तुझं नाव घेऊन ओरडलो, रडलो. तू गाणी ऐकत होतास. बोटांनी स्टिअरिंगवर ताल धरला होतास."

मी शिडीवर होतो. त्याने खालून पुढचा टाळा वर दिला.

आता घरात ताटं वाढली की मी प्रत्येकाचं नाव घेतो. बायको हसते, नवी भावजय हसते. संदेश हसत नाही, आपलं नाव आलं की हळूच "हो" म्हणतो. हे सगळं काय होतं, मला कोणी सांगू शकलं नाही, आणि आता मी विचारतही नाही. फक्त त्या रस्त्याबद्दल मी रोज आठवून बघतो. वडखळचं ट्रॅफिक आठवतं, कुठलं गाणं लागलं होतं ते आठवतं, त्याचे शब्दसुद्धा पाठ आहेत. माझ्या भावाची हाक मात्र एकदाही आठवत नाही.