हाताला न लागणारी घडी

नोकरीतली बरीचशी प्रकरणं आता माझ्या डोक्यात एकमेकांत मिसळून गेली आहेत. कोणती चोरी कोणत्या ठाण्यातली, हे बायकोला विचारावं लागतं. एक प्रकरण मात्र अजून जसंच्या तसं वेगळं उभं आहे, आणि त्यात ना रक्त होतं ना दरोडा. होती ती क्रिकेटपटूंची जुनी कार्डं. नावं कोणाचीच घेणार नाही, कारण त्यातली माणसं अजून त्याच रस्त्यांवरून ये-जा करतात.

तेव्हा मी बिदर जिल्ह्याच्या टोकाला, महाराष्ट्राच्या हद्दीला चिकटलेल्या एका ठाण्यात पीएसआय होतो. तिथे फिर्यादी मराठीत बोलायचा, हवालदार त्याला दख्खनीत उलटे प्रश्न करायचा आणि कागद कन्नडमध्ये तयार व्हायचा. बांधाची भांडणं, जनावरांची चोरी, उलटलेल्या जीपा यांतच वर्ष निघून जायचं. अशा ठाण्यात एके दिवशी पुण्याहून सीलबंद पाकीट आलं. आत फसवणुकीच्या तक्रारीची प्रत होती आणि काही कार्डं होती.

पूर्वी च्युइंगमच्या पाकिटात क्रिकेटपटूंची रंगीत कार्डं निघायची. पोरं ती जमवायची, एकमेकांत बदलायची. त्या कार्डांना आता शौकीन गिऱ्हाईक आहे आणि त्यांचा ऑनलाइन लिलाव होतो, हे मला ती तक्रार वाचूनच कळलं. पुण्याच्या एका गृहस्थांनी अशा लिलावात बोली लावून ही कार्डं घेतली होती आणि ती नकली निघाली होती. विकणारा आमच्या हद्दीतला होता. नाव वाचलं आणि मी कागद खाली ठेवला.

ते आमच्या भागातले निवृत्त ड्रिल मास्तर होते. शेतकरी घरातला माणूस, आडनावापेक्षा शिट्टीने ओळखला जाणारा. तालुक्यातल्या निम्म्या लोकांना त्यांनी उन्हात रांगेत उभं केलेलं होतं, त्यात आमचा हवालदारही होता. तो म्हणाला, "साहेब, मास्तर खोटं करणार न्हाईत. अन् पोरांच्या चित्रापायी कामून गुन्हा करायलेत ही पुण्याची माणसं?"

मी त्याला एक कार्ड दिलं. "ह्या कोपऱ्यावर काय दिसतं?"

"घडी पडल्याली दिसायलीय."

"आता अंगठा फिरव त्याच्यावरनं."

त्याने फिरवला. पुन्हा फिरवला. घडी डोळ्यांना दिसत होती, पण हाताला लागत नव्हती. अस्सल कार्डावरची घडी फोटोसकट छापली गेली होती. तक्रारदाराने हेच लिहिलं होतं, आणि तो खरं बोलत होता.

मास्तरांना मी ठाण्यात बोलावलं नाही. ठाण्याच्या पायरीवर माणूस दिसला की संध्याकाळपर्यंत गावात त्याची शिक्षाही ठरलेली असते. मी साध्या कपड्यांत त्यांच्या घरी गेलो. त्यांनी अल्बम पुढ्यात ठेवला आणि प्रत्येक कार्डाची हकीकत सांगायला लागले. हे उदगीरच्या बाजारात एका पोराला दोन पतंग देऊन मिळवलं, हे जत्रेत सापडलं. दोन्ही मुली लग्न होऊन गेलेल्या, पुढे हे कोण सांभाळणार, म्हणून चांगल्या हाती पडावं यासाठी विकायला काढलं होतं. कार्ड विकलं गेलं की स्वतःच्या हाताने अल्बममधून काढायचे, पुठ्ठ्यात घालायचे आणि पोस्टात नेऊन द्यायचे.

मी पुण्याहून आलेलं कार्ड त्यांच्या हातात दिलं. ते ओसरीच्या कडेला गेले, कार्ड उजेडात धरलं, लांब नेलं, तिरपं केलं. "माझंच हाय ह्ये," ते म्हणाले. तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की मास्तर कार्ड बघत नव्हते, बघितल्यासारखं करत होते. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता आणि हे त्यांनी घरात, दारात, कोणालाही कळू दिलेलं नव्हतं. लांबून चेंडूची शिवण ओळखणारा माणूस म्हणून ज्याची ख्याती, त्याला ते सांगणं जड गेलं असणार.

"मास्तर, कोपऱ्यावरच्या घडीवर बोट फिरवा."

त्यांचा अंगठा तिथे गेला आणि थांबला. मग अल्बममधली आणखी दोन-तीन कार्डं चाचपून पाहिली, आणि अल्बम मिटला.

"हा अल्बम आणखी कोणाच्या हातात जातो का?" मी विचारलं.

"न्हाई."

"कोणाला दिला होता का?"

"न्हाई म्हणलं की साहेब. म्या इकलं, म्या पोस्टात टाकलं. तसंच लिव्हा."

माझ्या नोकरीत खोटं बोलून सुटायला बघणारे पुष्कळ पाहिले. खोटं बोलून अडकायला बघणारा क्वचितच भेटतो, आणि भेटला की समजावं, तो कोणाला तरी पाठीशी घालतोय. मी त्यांना स्पष्ट सांगितलं, की खातं तुमचं, माल तुमच्या हातून गेलेला, जबाब असा दिलात तर मला तुमच्यावरच दोषारोप ठेवावे लागतील. शिक्षा झाली तर पेन्शनवर गदा येईल. ज्या शाळेत तुमचा फोटो लावलाय तिथून तो उतरेल. ते मान खाली घालून बसले. पेन्शनचं ऐकून हलले नव्हते. फोटोचं ऐकून त्यांचे डोळे भरले, आणि मला फार वाईट वाटलं. पण नाव काही त्यांनी घेतलं नाही.

नाव दिलं ते ठाणाकुशनूरच्या रस्त्यावर जीप चालवणाऱ्या एकाने. पोलिसाला खबर द्यायला कोणी खबरी म्हणून येत नाही, गप्पा मारायला येतो. हा चहा पिता पिता म्हणाला, "मास्तरला काय झालंय साहेब? पयलं आठवड्याला पिशवी घिऊन कमलनगरला प्रेसवाल्या अण्णाकडं जायचे माझ्याच जीपमधून. आता दिसंनात."

हे अण्णा म्हणजे मास्तरांचे शाळेपासूनचे मित्र. लिंगायत घर, वडिलांपासून छपाईचा धंदा, सचोटीची माणसं. मास्तरांना मोबाइलवरचं काही जमत नसे, म्हणून कार्डांचे फोटो काढणं आणि लिलावाच्या साइटवर टाकणं अण्णाच करत. अल्बम आठवडाआठवडा प्रेसमध्ये राहायचा.

पंच घेऊन आम्ही प्रेसवर गेलो. अण्णांनी न घाबरता सगळं उघडून दाखवलं. कपाटं, कॉम्प्युटर, छपाईची दोन यंत्रं, कागद कापायचं यंत्र. काही सापडलं नाही, आणि मला संशय आला तो त्यामुळेच. छापखान्यात कातरण असतं, रद्दी असते, बिघडलेले कागद असतात. इथे केराची टोपलीसुद्धा पुसलेली होती. लग्नाच्या पत्रिका हल्ली मोबाइलवर जातात, तेव्हा धंदा बसलेला, हे खरं. पण बसलेला धंदा इतका झाडून ठेवत नाही कोणी.

"फोटो काढलो अन् अल्बम परत दिलो साहेब," अण्णा म्हणाले. "मास्तर कायबी म्हणायलेत का?"

"मास्तर काहीच म्हणत नाहीत."

हे ऐकून त्यांनी नजर वळवली. पण नजर वळवण्याला पुरावा म्हणत नाहीत. आम्ही निघायच्या बेतात होतो. घर प्रेसच्या मागेच होतं. अण्णांच्या बायकोने आत येऊन पाणी प्या म्हणून आग्रह केला. उंबऱ्यापाशी त्या म्हणाल्या, "बूट तेवढं काढा साहेब. इथं देव हाय."

बूट काढायला वाकलो तेव्हा देव्हाऱ्याच्या खालच्या फळीवर कागदांची चळत दिसली. वर एक लग्नपत्रिका होती, तिच्यावर विभूतीची तीन बोटं ओढलेली. सहज विचारावं तसं मी विचारलं, "अक्का, घरात लग्न आहे का?"

"न्हाई हो. कुणाची तरी असंल. आमच्या सासऱ्यापासून रीत हाय. कंचंबी काम असू द्या, पयला कागद देवाचा. त्याला विभूती लावायची अन् इथं ठिवायचा. दसरा झाला की पाण्यात सोडायचा."

"प्रत्येक कामाचा?"

"व्हय. पावतीपुस्तकाचा बी."

मी मागे वळून अण्णांकडे पाहिलं. तो माणूस भिंतीला टेकून खाली बसला होता. पाणी तसंच राहिलं.

मी देव्हाऱ्याला हात लावला नाही. म्हटलं, "अण्णा, तुमच्या हातानं काढा." ते उठले, हातपाय धुतले, कपाळाला विभूती लावली आणि चळतीतून एक जाड कागद काढून माझ्यापुढे धरला. न कापलेला अख्खा ताव. त्यावर ओळीने क्रिकेटपटू उभे, बॅटी घेतलेले, कोपऱ्यात छापलेल्या घड्यांसकट. आणि त्या सगळ्यांच्या वर विभूतीची तीन बोटं. आम्ही तिथेच महजर केला. आमच्याकडे पंचनाम्याला महजर म्हणतात. पंचांच्या सह्या झाल्या तरी अण्णांच्या बायकोला काय घडलं ते उमगलेलं नव्हतं. त्या पुन्हापुन्हा विचारत होत्या, की देवाचा कागद कामून न्यायलेत.

बाकीचे कागद जाळल्याचं अण्णांनी ठाण्यात कबूल केलं. तेव्हा हवालदाराने विचारलं ते मलाही विचारायचं होतं. "सगळं जाळलाव, मंग ह्येच कामून ठिवलाव?"

"देवाला दिल्यालं जाळतेत का?" अण्णा म्हणाले. जणू चूक विचारणाऱ्याची होती.

बाकी जबाब सरळ झाला. मास्तरांनी एकदा शाळेत लावायला कार्डांच्या मोठ्या प्रती मागितल्या होत्या. त्या काढताना अण्णांना आपल्या हातातली जुनी कला आठवली. एक कार्ड जसंच्या तसं, त्याच मापाचं करून पाहिलं. वडिलांच्या वेळचा न विकलेला पिवळा पडलेला पुठ्ठा माळ्यावर होता, तो वापरला. "गंमत म्हणून एक अल्बममधी ठिवलो साहेब. वाटलं, मास्तर धरतील अन् दोघं बी हसू. त्यानला कळलंच न्हाई. कळलं असतं तर थितंच थांबलो असतो." मग दुसरं ठेवलं, मग तिसरं. त्यांच्या जागची काढून घेतलेली अस्सल कार्डं त्यांनी दुसऱ्या नावाने विकायला सुरुवात केली होती. थोडी गेली होती. बाकीची बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात, बहिणीच्या घरी कमठाण्याला होती. ती आम्ही जप्त केली.

मास्तरांवरचा संशय कागदोपत्री संपला. राहिलं होतं ते मालाची ओळख पटवणं. अल्बममधून जप्त केलेली आणि डब्यातली, सगळी कार्डं तपासणीत एकदा टेबलावर आली आणि आमच्याच माणसाच्या हलगर्जीपणाने एकत्र झाली. त्याला मी काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. घडी असलेली कार्डं बोटांनी वेगळी झाली. बाकीची होईनात. मास्तरांना बोलावलं, ते खुर्चीत बसले, एक कार्ड उचललं आणि परत ठेवलं.

"साहेब, मला दिसत न्हाई," ते म्हणाले. पंचांसमोर, हवालदारासमोर, ज्यांना त्यांनी शिट्टीवर पळवलं होतं त्या माणसांसमोर म्हणाले. मग म्हणाले, "अण्णाला बोलवा. त्यालाच ठावं."

कोठडीतून अण्णांना आणलं. दोघं मित्र तेव्हाच पहिल्यांदा समोरासमोर आले. कोणी कोणाला शिव्या दिल्या नाहीत. मास्तर एवढंच बोलले, "कंचं माझं, कंचं तुजं, तूच सांग." अण्णा उभ्या उभ्याच कार्डं लावायला लागले. खरं उजवीकडे, खोटं डावीकडे. हात कुठे अडखळत नव्हता. कारण प्रत्येक कार्ड त्यांनी बारकाईने बघितलं होतं, बहुधा मास्तरांनी बघितलं त्याहून जास्त. मास्तर ऐकत होते, कार्ड टेबलावर पडल्याचा आवाज कुठल्या बाजूने येतो ते.

शेवटचं कार्ड मात्र अण्णांच्या हातात राहिलं. खिडकीशी गेले, उलटंसुलटं केलं, वास घेतला, कड नखाने तपासली. परत येऊन म्हणाले, "मास्तर, ह्ये मला बी कळंना."

"ठीव खोट्यात," मास्तर म्हणाले.

मी मध्ये पडलो. "मास्तर, खरं असलं तर तुमचं नुकसान होईल. प्रयोगशाळेत पाठवतो, थोडं थांबा."

"न्हाई साहेब. खऱ्यात एक खोटं गेलं तर माझ्या सगळ्यांवरच संशय यील. खोट्यात एक खरं गेलं तर जाऊ द्या की, काय बिघडतंय."

त्यांच्या म्हणण्याप्रमाणे मी ते कार्ड डाव्या ढिगावर ठेवलं आणि तसं नोंदवून घेतलं. मास्तर त्यांची कार्डं चाचपत बसले होते, अण्णांना परत आत नेत होते, आणि माझं पेन तिथेच थांबलं. पुण्याचं पाकीट आलं तेव्हा माझ्यापुढे सगळा पुरावा मास्तरांविरुद्ध होता. खातं त्यांचं, हात त्यांचे, जबाबही त्यांचाच. देव्हाऱ्यासमोर बूट काढायला मी वाकलो नसतो तर मी कायद्याने अगदी बरोबर काम केलं असतं आणि त्या माणसाला डाव्या ढिगात टाकलं असतं. खोट्यात एक खरं गेलं तर जाऊ द्या, हे मास्तर आपल्या कार्डांबद्दल म्हणू शकत होते. तो त्यांचा माल होता. माणसांबद्दल मला ते कधीच म्हणता येणार नव्हतं. त्यानंतर नोकरी संपेपर्यंत, सगळे कागद जुळलेली फाइल पुढे आली की सही करण्याआधी मी संशयिताला एकदा समोर बसवून नीट बघत आलो.