चौथ्या मजल्यावरचा हिवाळा

वनमाला घाडीगावकर यांना आयुष्यातली पहिली खरी थंडी वाजली ती ऐन एप्रिलात, अंधेरीला, आणि तीही बसल्या खुर्चीवर. तोवर थंडी हा प्रकार त्यांनी दुसऱ्यांच्या सहलीच्या फोटोंत पाहिलेला. वडील गिरणीत कामाला, तिथे घामाने शर्ट पिळून निघायचा. सासर-माहेर दोन्ही मालवणाकडचं, त्यामुळे गावी गेलं तरी उकाडाच. लग्नात कुणीतरी शाल दिली होती, ती इस्त्रीखाली अंथरून अंथरून विरून गेली होती.

वनमालाबाई विम्याच्या एका कंपनीत हिशेब खात्यात होत्या. कंपनीचं जुनं ऑफिस घाटकोपरला, भांड्यांच्या दुकानावर. तिथे खिडक्या उघड्या, पंखे गरागरा, कागदांवर पेपरवेट आणि पेपरवेटवर कधीकधी कबूतर. मग ते ऑफिस अंधेरीच्या एका काचेच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर गेलं. खिडकी उघडायची सोय नाही, पंखा नाही, सगळीकडे एसी. लोकांनी पेढे वाटले. कुणी म्हणालं, आता कबूतरांचा त्रास संपला. पहिल्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीपर्यंत हिशेब खात्यातलं बोलणं बंद पडलं, कारण बोलायला तोंड उघडलं की दात वाजत होते.

तक्रार कुणाकडे करायची, तर राजेशकडे. हा इमारतीचा एसीवाला, निळ्या गणवेशातला, स्वभावाने गरीब. हातात कायम टॉर्च, भर दुपारीसुद्धा. तो दुसऱ्या आठवड्यात आला, हॉलच्या मधल्या खांबावरच्या पांढऱ्या डबीकडे त्याने टॉर्च मारला आणि म्हणाला, "मॅडम, इथे सत्तावीस दाखवतंय. म्हणजे हॉल गरम आहे."

"गरम? माझी नखं बघ रे."

राजेशने नखं पाहिली. ती निळी होती हे त्याने मान्य केलं, त्याला वाईटही वाटलं. पण डबी सांगत होती गरम, आणि एसी डबीचं ऐकत होता, बाईंच्या नखांचं नाही. डबीला वाटत होतं की हॉल तापलाय, म्हणून एसी जीव तोडून गार हवा ओतत होता.

त्यात साहेबांची तऱ्हा वेगळी. सुबोध सरांची केबिन पश्चिमेच्या कोपऱ्यात, दोन्ही बाजूंना काच. दुपारनंतर ऊन असं आत यायचं की सर आत बसून वाफवले जायचे, आणि एसीची गार हवा त्यांच्या कोपऱ्यापर्यंत पोचता पोचता दमून जायची. मग ते रुमालाने मान पुसत बाहेर हॉलमध्ये यायचे, डोळे मिटून म्हणायचे, काय छान आहे इथे, आणि राजेशला फोन करून एसी अजून वाढवायला सांगायचे. ते केबिनमध्ये परतले की हॉलभर लोक एकमेकांकडे बघायचे.

वनमालाबाई हातावर हात ठेवून बसणाऱ्यांतल्या नव्हत्या, आणि हात गार पडल्यामुळे तसं बसणं शक्यही नव्हतं. राजेश यायच्या आधीच, पहिल्या आठवड्यात, त्यांनी सरांना पटवलं होतं की चहाचं मशीन लिफ्टपाशी आहे, त्यामुळे लोकांचा जाण्यायेण्यात वेळ जातो, ते हॉलमध्ये आणावं. खरं कारण एवढंच, की गरम कप हातात धरायला मिळावा. चौघांनी मिळून मशीन ढकलत आणलं आणि मधल्या खांबाला टेकवून ठेवलं. तिथे प्लगही होता आणि हिशेब खातंही जवळ होतं. दिवसभर मशीन वाफा सोडत राही आणि लोक कपांना बिलगून रांगेत उभे राहत. एवढी मोठी सोय करूनही थंडी मात्र वाढतच गेली. वनमालाबाईंना वाटलं, बरं झालं बाई मशीन आणलं, नाहीतर आपलं काय झालं असतं.

मग त्यांनी सुया काढल्या. भांडुपच्या शाळेत शिवणाच्या बाईंनी त्यांना विणकाम शिकवलं होतं. तेव्हा त्यांनी एक मफलर अर्ध्यावर सोडला होता, मुंबईत मफलर कशाला म्हणून. आता त्यांनी घाटकोपरच्या बाजारातून लोकर आणली. दुकानदाराने विचारलं, बाळासाठी का? त्या म्हणाल्या, नाही, ऑफिससाठी. दुकानदाराने डोक्यावरच्या पंख्याकडे पाहिलं आणि लोकर बांधून दिली.

पहिला स्वेटर त्यांनी स्वतःला केला. दुसरा शेजारच्या टेबलावरच्या श्रुतिकाला. ती नुकतीच नोकरीला लागलेली, तिशीच्या आतली, आणि थंडीने तिचं नाक कायम चेरीसारखं लाल. श्रुतिकाचा स्वेटर पाहून बाकीचे लोकर घेऊन येऊ लागले. महिनाभरात हिशेब खातं निळ्या लोकरीत, दावे खातं हिरव्या लोकरीत आणि टपालाचे काका एकटेच पिवळ्या कानटोपीत, कारण त्यांचं खातंच एकट्याचं होतं. सुबोध सरसुद्धा मागे राहिले नाहीत. ते आत घामाघूम होत, पण सगळ्यांना आहे आणि आपल्याला नाही हे त्यांना खपेना. त्यांनी मरून रंगाचा, बिनबाह्यांचा सांगितला.

मे महिन्याच्या टळटळीत सकाळी वनमालाबाई पायात मोजे आणि खांद्यावर स्वेटर घेऊन भांडुपच्या घरातून निघत. त्यांचे यजमान सहदेव छापखान्यातून निवृत्त झालेले. ते बनियनवर पंख्याखाली बसून हा सोहळा रोज पाहत.

"तू ऑफिसात जातंस काय काश्मिराक?" ते विचारत. तोवर त्या जिना उतरत असत, कारण रिक्षा खाली उभी असे. आणि रिक्षावाला आरशातून मोज्यांकडे बघत असे.

एकदा जोगेश्वरीचा एक माणूस स्कूटरच्या दाव्यासाठी आला. बाहेरून आलेला, घामाने निथळत. दार उघडून पाहतो तर पन्नास माणसं लोकरीत गुंडाळलेली, गुपचूप चहा पीत बसलेली. तो तसाच उलट्या पावली बाहेर गेला आणि त्याने वॉचमनला विचारलं की वर काही साथ आली आहे का. त्याचा दावा पुढे मंजूर झाला, पण चेक घ्यायला त्याने मेहुण्याला पाठवलं.

अशात हेड ऑफिसातून पत्र आलं. चौथ्या मजल्याचं वीजबिल सगळ्या शाखांत वरचढ आहे, तेव्हा ऊर्जा बचत समिती नेमा आणि उपाय करा. सुबोध सरांनी विचार केला की थंडीची सगळ्यांत जास्त तक्रार कोण करतं, आणि वनमालाबाईंना अध्यक्ष केलं.

बाईंनी पद मनावर घेतलं. समितीत त्या, श्रुतिका आणि राजेश. पहिल्या दिवशी त्यांनी छताकडे पाहिलं. एसीच्या निम्म्या जाळ्यांवर लोकांनी कॅलेंडरं चिकटवली होती, एकीवर तर पुठ्ठ्याचा अख्खा खोका. ज्याच्या डोक्यावर हवा येई तो जाळी बंद करी, मग ती हवा शेजाऱ्याच्या डोक्यावर दुप्पट येई आणि शेजारी आपली जाळी बंद करी. असं करत करत हवेचा सगळा लोट बिचाऱ्या टपालाच्या काकांवर येऊन थांबला होता. कानटोपीचं कोडं तिथे सुटलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी टेबलांखाली पाहिलं, आणि तिथे तर वेगळंच नगर वसलेलं. दावे खात्यात एकाने पायाशी हीटर लावला होता. एकीकडे कंबर शेकायची विजेची पिशवी. एकाच्या खणात इस्त्री, मधूनमधून तळहात शेकायला. म्हणजे वरून एसी हॉल गार करत होता, खालून लोक तोच हॉल तापवत होते, आणि दोन्हीचं बिल एकाच मीटरवर. दुसरा हीटर सापडला तो श्रुतिकाच्याच टेबलाखाली. समितीची सदस्य म्हणून ती स्वतःच्या टेबलाखाली वाकली, तिथे बघितलं आणि म्हणाली, "इथे काही नाही मॅडम." हीटर लाल दिसत होता. वनमालाबाईंनी त्यापुढे पाय जरा शेकून घेतले आणि मगच तो जप्त केला.

एवढं करूनही बिल हललं नाही. तेव्हा सरांनी बाहेरून ऊर्जा तपासणारी मुलगी बोलावली. तिचं नाव श्वेता, राहणारी मुलुंडची, पाठीवर सॅक. कपडे तिने अंधेरीच्या हवामानाप्रमाणे घातलेले, त्यामुळे आल्या आल्या ती कुडकुडली. पिवळी कानटोपी तिला देऊ केली, पण ती नको म्हणाली. हवा कुठून कुठे जाते ते बघायचं म्हणून तिने सॅकमधून उदबत्ती काढून पेटवली आणि धुराकडे बघत हॉलभर फिरू लागली. लोक आपोआप उभे राहिले. काहींनी हात जोडले. टपालाच्या काकांनी हळूच विचारलं, नारळ आणायचा आहे का. राजेश टॉर्च घेऊन तिच्या मागे मागे चालत होता, जणू मिरवणुकीतला मशालजी.

फिरत फिरत श्वेता मधल्या खांबाशी आली आणि थांबली. पांढऱ्या डबीकडे पाहिलं. डबीखाली पाहिलं. चहाचं मशीन फुसफुसत होतं आणि त्याची वाफ सरळ वर, डबीच्या तोंडावर जात होती. तिने उदबत्ती विझवली.

"हे मशीन इथे कुणी ठेवलं?"

निळं खातं, हिरवं खातं आणि पिवळी कानटोपी, सगळे एकाच दिशेला वळले. त्या हॉलमध्ये वनमालाबाईंना पहिल्यांदाच घाम फुटला.

"मी," त्या म्हणाल्या.

मग श्वेताने समजावून सांगितलं. हॉल किती तापलाय हे एसीला या डबीवरून कळतं. डबी बसली आहे चहाच्या वाफेवर, म्हणून तिला वाटतं अख्खा हॉल उकळतोय, आणि एसी तो गार करत सुटतो. सुबोध सर केबिनमधून बाहेर आले होते, मरून स्वेटरात. त्यांनी एकेक बोट दुमडत हिशेब लावला.

"म्हणजे थंडी वाजते म्हणून आपण चहा पितो. आणि चहा पितो म्हणून थंडी वाजते."

"हो सर."

सर जवळच्या खुर्चीवर बसले.

मशीन त्याच दुपारी पॅन्ट्रीत गेलं. राजेश डबीसमोर उभा राहिला, तर आकडा सत्तावीसवरून घसरत अठरावर आला. इतके महिने जिच्या शब्दावर त्याने लोकांची नखं नाकारली, ती डबी आता सरळ फिरली होती. त्याने टॉर्च बंद केला आणि वनमालाबाईंची माफी मागितली. बाई म्हणाल्या की माफी मागायचीच तर रांग माझ्या मागे लाव.

पुढचं सगळं साधंच होतं. एसी चोवीसवर ठेवला. जाळ्यांवरची कॅलेंडरं काढली, तेव्हा त्यांतली दोन गेल्या वर्षीची निघाली. सरांच्या काचांना ऊन अडवणारी फिल्म लावली, पडदे बसवले आणि त्यांच्या केबिनकडे जाणारी हवेची वाट मोकळी केली. तिच्यात बांधकामाच्या वेळचा एक पंचा अडकला होता. सकाळी झाडूवाल्याच्याही आधी रिकामा हॉल गार करत बसणं बंद झालं. हीटर आपापल्या घरी गेले, आणि मुंबईत त्यांचं पुढे काय झालं ते माहीत नाही.

दोनच दिवसांत स्वेटर उतरले. लोक शर्टात दिसू लागले आणि एकमेकांना नव्याने ओळखू लागले. श्रुतिकाचं नाक नाकाच्या रंगाचं झालं. वनमालाबाईंना मात्र चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. जेवणाच्या सुट्टीत हात रिकामे. पूर्वी लोक माप द्यायला येत, खांदे मोजून घेत, घरच्या गोष्टी सांगत. आता कोणी फिरकत नसे. घरी त्यांनी सहदेवना सगळं सांगितलं, तेव्हा ते इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं.

"म्हणजे तुझ्याच चायन तुका थंडी वाजली?"

बाईंना मनातून वाईट वाटलं होतं, पण हे असं ऐकल्यावर त्याही हसल्या.

वीजबिल खाली आलं तेव्हा हेड ऑफिसने छोटा समारंभ ठेवला. वनमालाबाईंनी सरांना विनवलं होतं की मशीनचा विषय काढू नका. सरांनी भाषणाची सुरुवातच तिथून केली. शेवटी बाईंच्या हातात पुष्पगुच्छ आणि माइक आला. त्या एवढंच म्हणाल्या, "मशीन आणलं मीच आणि हलवलंही मीच. मधली थंडी कंपनीची." टाळ्या बऱ्याच वाजल्या. कौतुकाच्या किती आणि चेष्टेच्या किती, ते त्यांनी विचारलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात एकदा त्या चष्मा घरी विसरल्या आणि तो द्यायला सहदेव अंधेरीला आले. बाहेर रस्ता वितळत होता. आत आल्यावर ते पाहुण्यांच्या सोफ्यावर बसले, जरा टेकतंय म्हणाले आणि झोपले. आता एसीचा आवाज असा नव्हताच, त्यामुळे त्यांचं घोरणं दावे खात्यापर्यंत स्वच्छ ऐकू गेलं. कुणीतरी खाली फोन केला की एसीत काहीतरी घरघरतंय. राजेश टॉर्च घेऊन आला. त्याने खांबाला कान लावला, जाळ्यांना कान लावला, खुर्चीवर चढून छताला कान लावला, आणि आवाजाचा माग काढत काढत सोफ्यापाशी येऊन पोचला.

त्याने वनमालाबाईंकडे पाहिलं. आता याचं काय करायचं, हे त्याला कळेना.

"राहू दे रे," त्या म्हणाल्या. "वीज लागत नाही त्यांना."