हयात दाजींची शोकसभा

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार ज्यांचे आहेत ते माझे दाजी, दिगंबरराव, चिखलीतल्या स्वतःच्या गाळ्यात एका गुरुवारी माझ्यासमोर आणि माझ्या बायकोच्या हातून मरण पावले. आता त्यांची तब्येत उत्तम आहे.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, सुनंदाताईचे यजमान. औशाकडच्या आमच्या गावातून बारावी होऊन मी इकडे आलो तो थेट त्यांच्या दारात. चिखलीत त्यांचा लेथ मशीनचा छोटासा गाळा आणि मागे एक खोली. त्या खोलीत ताई, दाजी आणि पुढची सगळी वर्षं मी! आमच्या घराण्यातला पहिला इंजिनिअर मी झालो, पण फी भरणारा, डबा देणारा आणि पहाटे लाथ घालून उठवणारा माणूस एकच होता. आज मी चाकणला एका कंपनीत क्वालिटीला आहे. पुनावळ्यात टू बीएचके घेतला. वास्तुशांतीची तारीख ठरली तेव्हा मी ताईला सांगून टाकलं, ‘नवीन घरात पहिलं पाऊल दाजी टाकणार आणि नारळही दाजीच फोडणार. त्याशिवाय मी उंबरा ओलांडणार नाही.’

आणि त्या वास्तुशांतीच्या तोंडावर मी हा उद्योग करून ठेवला!

झालं असं की, कंपनीतल्या एका मित्राने मला एक खेळ शिकवला. यात सोंगट्या नाहीत, पत्ते नाहीत. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं. कुणी योद्धा, कुणी चोर, कुणी वैद्य. एकाने सूत्रधार होऊन गोष्ट सांगायची: ‘समोर गुहा आहे, आतून गुरगुर ऐकू येते, काय करता?’ बाकीच्यांनी आपलं पात्र काय करतं ते बोलायचं आणि वीस बाजूंचा फासा टाकायचा. जास्त पडलं की जमलं, कमी पडलं की बोंबललं. मी म्हटलं, घरच्यांना शिकवू. गुरुवारी मला सुट्टी, दाजींचा गाळाही बंद. मशीन थांबलेली, टेबलावर पेपर अंथरलेला, आम्ही चौघं आणि चहा.

माझी बायको मनीषा सांगवीची. तिने ‘चपळा’ नावाची चोर घेतली. ताईने वैद्यबाई घेतली. (‘मला कुणाला मारायला सांगू नका, मी आपली पट्ट्या बांधत बसते.’) दाजी सरदार झाले.

‘दाजी, सरदाराचं नाव काय ठेवता?’

‘दिगंबरराव.’

‘ते तुमचं नाव आहे. पात्राचं वेगळं ठेवायचं असतं.’

‘का? आपल्या नावात काय खोट हाय?’

तिथेच मी ठाम राहायला हवं होतं. नाही राहिलो! सरदार दिगंबरराव घोड्यावर बसले आणि दाजींची मान त्या दिवसापासून गाळ्यातसुद्धा दोन इंच वर झाली. फासाही त्यांनी स्वतः पितळेचा बनवून आणला. तो इतका जड होता की पहिल्याच फेकीत ताईचा कप फुटला.

महिनाभर सगळं झकास चाललं. मग सरदारांच्या हाती राक्षसाचा खजिना लागला आणि दाजींनी वडीलधाऱ्या नात्याने वाटणी केली. निम्मा सरदारांना, उरलेल्यात दोघी.

‘निम्मा कशाला, दाजी?’ मनीषाने विचारलं.

‘घोड्याचा खर्च असतो बाई. चारा हाय, नाल हाय.’

 मनीषाने टेबलाखालून मला चिठ्ठी दिली: ‘चपळा सरदारांच्या पिशवीतून खजिन्यातली अंगठी काढते.’ आता सूत्रधार म्हटल्यावर निःपक्षपाती असायला हवं. मी डोळे मिटून न्यायदेवतेसारखा फासा टाकला. अठरा! अंगठी गेली. पुढच्या गुरुवारी दाजींना ती पिशवीत सापडेना. मग त्यांनी सगळ्यांची झडती घेतली, अंगठी चपळाजवळ निघाली आणि सरदारांनी तिला रात्रभर बाभळीला बांधून ठेवलं.

‘अहो, तुमच्या दाजींनी मला बाभळीला बांधलं!’ मनीषा मला म्हणाली.

‘तुला नाही, चपळाला.’

‘काटे मला टोचले.’

मी कंपनीतल्या मित्राला विचारलं, असं भांडण झालं तर काय करायचं? तो म्हणाला, ‘अरे भावा, मस्तच की! पात्रांना भांडू दे. त्यानेच तर खेळाला मजा येते.’ (त्याचं लग्न झालेलं नाही.)

मी भांडू दिलं. पुढच्या गुरुवारी वाटेत दरी आली. सरदार दोराला लोंबकळत पलीकडे निघाले. दोराचं टोक धरायला झाडाशी कोण, तर चपळा! मी विचारलं, ‘चपळा काय करते?’

मनीषाने चहाचा घोट घेतला. ‘चपळा दोर सोडते.’

ताई म्हणाली, ‘अगंबाई!’

दाजी हसले. ‘काय होत नाही. मी कडा धरतो. आण फासा.’ त्यांनी फासा दोन्ही हातांत घोळवला, कपाळाला लावला आणि टाकला.

एक.

वीस बाजूंमधली सगळ्यात नालायक बाजू! आणि मी, क्वालिटीचा माणूस, नियमात बसेल तेच करणारा, म्हणालो, ‘सरदार दिगंबरराव दरीत पडले. गेले.’

इथे थोडं थांबायला हवं होतं, हे आता कळतं. पण मी लगेच पुढचं वाक्य बोललो. ‘तर आता सरदारांच्या सामानाचं काय?’

‘घोडा मला,’ मनीषा म्हणाली.

‘ढाल मला दे,’ ताई म्हणाली. ‘औषधं वाटायला बरी पडेल.’

‘ठीक. ताई, चहा अजून आहे का? मग तुम्ही दोघी दरी ओलांडून...’

दाजी उठले. चपला घातल्या. ‘खेळा तुमी,’ म्हणाले आणि बाहेर पडले. रस्त्यापर्यंत गेले. मग बहुधा त्यांच्या लक्षात आलं की गाळा आपला आहे. परत आले आणि म्हणाले, ‘खेळा नाही. निघा तुमी!’

दुसऱ्या दिवशी ताईचा फोन. ‘संत्या, तुझे दाजी माझ्याशी बोलेनात. भाजी वाढली तर म्हणतात, ढालीत वाढ की!’

‘वास्तुशांतीला येणार ना?’

ताईने फोन तोंडापासून बाजूला केला. ‘अहो, संतोष विचारतोय, रविवारी येणार ना?’

लांबून आवाज आला, ‘मेलेली माणसं वास्तुशांतीला जात नसतात!’

 जे घर या माणसाशिवाय झालं नसतं, त्या घरात हा माणूस येणार नाही? आणि कारण काय सांगायचं लोकांना? की ते दरीत पडले?

मी आधी समजावून पाहिलं. गाळ्यावर गेलो. ‘दाजी, ती मनीषा नव्हती. ते पात्र होतं. पात्र वेगळं, माणूस वेगळा.’

‘बरं. मग चोर कोण हाय?’

‘चपळा.’

‘दोर सोडताना तोंड कुणाचं हललं?’

‘मनीषाचं, पण...’

‘मग तोंड उसनं आणलं व्हतं का चपळानं?’

मग मी कंपनीचं हत्यार काढलं. आमच्याकडे माल खराब निघाला की पाच वेळा ‘का’ विचारतात. एकेका ‘का’ला खाली खाली गेलं की मूळ कारण सापडतं. मी भिंतीवर खडूने लिहायला घेतलं. सरदार मेले, का? दोर सुटला. दोर का सुटला? चपळाने सोडला. का सोडला? तिला बाभळीला बांधलं. का बांधलं? तिने चोरी केली. खेळात ही चोरी का झाली?

दाजींनी माझ्या हातातून खडू घेतला. ‘खेळ तू आणलास म्हणून. खेळ का आणलास? पगार हाय, येळ हाय. पगार का हाय? इंजिनिअर झालास. इंजिनिअर का झालास?’ त्यांनी भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं: ‘मी मेव्हण्याला शिकवलं.’ आणि खाली रेघ ओढून, ‘उपाय: पुन्हा मेव्हणा शिकवायचा नाही.’

इतकं निर्दोष विश्लेषण मी कंपनीतही पाहिलेलं नाही!

शेवटी मनीषा स्वतः आली. ‘दाजी, चुकलं माझं. आपण सरदारांना परत जिवंत करू. वैद्यबाईंकडे जादूचं पाणी आहे, नियमात बसतं.’

‘नको,’ दाजी म्हणाले. ‘मेलेला माणूस मेला. माझ्यासाठी नियम वाकवू नका.’

‘मग हवंय काय तुम्हाला?’ ताई कडाडली. ‘दोन दिवस झाले, घरात सुतक पाळल्यासारखं चाललंय!’

‘कुठं पाळलं सुतक?’ दाजी उसळले. ‘तेच तर बोलायलोय! मेल्याचं मला वाईट नाही. सरदार हाय, मरणारच. पण मी मेलो आणि एकानं चहाचा कप खाली ठेवला नाही! खांदा द्यायच्या आधी वारस लावले तुमी. सातबारावर नाव चढवायलासुद्धा लोक तेराव्यापर्यंत थांबतेत! आन् ही,’ ताईकडे बोट दाखवत, ‘माझी बायको. ढाल मागायली!’

  माणूस खरं बोलत होता.

‘दाजी,’ मी म्हणालो, ‘आपण शोकसभा घेऊ.’

त्यांनी माझ्याकडे संशयाने पाहिलं. ‘भाषणं?’

‘तिघांचीही.’

‘मी कुठं बसू?’

‘प्रेक्षकांत.’

शनिवारी संध्याकाळी, वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी, सभा भरली. फोटोला हार घालायला ताईने साफ नकार दिला. (‘माणूस समोर चहा पितोय आणि फोटोला हार? जीभ झडेल माझी!’) म्हणून गाळ्यातलं पिवळं हेल्मेट सरदारांचं शिरस्त्राण समजून टेबलावर ठेवलं आणि त्याला झेंडू वाहिला. दाजी समोर स्टुलावर, इस्त्रीच्या शर्टात, हात मांडीवर ठेवून.

ताई पहिली उठली. ‘सरदार दिगंबरराव मनाने फार चांगले होते. घोरायचे.’

‘खेळातलं बोल!’ प्रेक्षकांतून आवाज आला.

‘खेळातही घोरायचे. त्या दिवशी राक्षस कशाने जागा झाला? पण राक्षस आला तेव्हा वैद्यबाईला पाठीमागे घालून उभे राहिले. ढाल मी मागितली, कारण...’ ताईने हेल्मेटवरचा झेंडू सरळ केला. ‘कारण ती दुसऱ्या कुणाच्या हातात मला बघवली नसती.’

दाजींनी घसा खाकरला आणि छताकडे पाहिलं.

मनीषा म्हणाली, ‘मी दोर सोडला. वाटणी चुकीची होती, हे मी आजही म्हणते.’

‘घोड्याचा खर्च...’

‘दाजी, तुम्ही मेला आहात!’

दाजींनी हात परत मांडीवर ठेवले.

‘पण गुहेत पहिले तेच शिरायचे,’ मनीषा पुढे म्हणाली. ‘म्हणून सगळे बाण त्यांनाच लागायचे आणि आम्हाला खरचटायचंसुद्धा नाही. दोर सोडल्यावर आठवलं, आता पुढे कोण जाणार?’

‘हे कुणीतरी लिहून घ्या,’ दाजी हळूच म्हणाले.

मग मी उठलो. पाठ केलेलं भाषण होतं: ‘सरदार शूर होते, दानशूर होते.’ तोंड उघडलं आणि निघालं भलतंच. ‘सरदारांच्या वाड्यावर एक पोरगा राहायला आला. त्याला थंडीची सवय नव्हती. सरदारांनी आपली गादी त्याला दिली आणि स्वतः लेथच्या बाजूला पोतं टाकून झोपले.’

‘खेळात लेथ कुठून आला?’ दाजींनी विचारलं.

‘होता,’ मी म्हणालो. ‘पोरगा शिकला. सरदार त्याला कधी बोलून दाखवत नव्हते, म्हणून पोरगाही कधी बोलला नाही. त्याला वाटलं, सरदार काय, कायमचेच आहेत. आणि ते मेले तेव्हा त्याने चहा मागितला.’

मी खाली बसलो. दाजींनी हाताला लागलं ते मशीन पुसायचं कॉटन वेस्ट उचलून डोळे पुसले. ते ऑइलचं होतं. दोन्ही गालांवर काळे पट्टे ओढून ते उभे राहिले आणि म्हणाले, ‘दोन मिनिटं शांतता.’

आम्ही उभे राहिलो. अर्धं मिनिटही झालं नसेल, तर स्वर्गीय सरदार स्वतःच बोलले, ‘मनीषा, घोड्याला येळेवर चारा घालत जा. लई हळवा हाय.’

रविवारी दाजी पुनावळ्याला सगळ्यांच्या आधी हजर होते. घरात पहिलं पाऊल त्यांनी टाकलं आणि नारळही त्यांनीच फोडला. नारळ एका घावात फुटावा म्हणून गाळ्यातला हातोडा आणला होता. नारळ फुटला, खालची टाइलही फुटली. बिल्डरचा माणूस म्हणाला, बदलून देतो. मी म्हटलं, हात लावू नका.

जेवताना दाजींनी जाहीर केलं की पुढच्या गुरुवारपासून सूत्रधार तेच, आणि मी पात्र घ्यायचं. त्या गुरुवारी मी व्यापारी झालो आणि त्यानंतर त्यांना हे पत्र पाठवलं.

ती. दाजींस,

शि. सा. न. वि. वि.

समोर बोलायला जमत नाही, म्हणून लिहितो. शोकसभेत जे बोललो ते सरदारांबद्दल नव्हतं. पहिल्या वर्षी मी ड्रॉइंगमध्ये नापास झालो ते तुम्ही ताईला सांगितलं नाहीत. ‘परत बस’ म्हणालात आणि माझ्या पेन्सिलींना ग्राइंडरवर टोक काढून दिलंत. दोन जळाल्या. तिसरीने मी पास झालो. हे मी कधी विसरणार नाही.

दुसरी गोष्ट. परवा तुम्ही माझ्या व्यापाऱ्याला पहिल्याच तासात विहिरीत पाडलंत. त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. खेळ हा खेळ असतो, पात्र वेगळं, माणूस वेगळा, हे मीच तुम्हाला शिकवलंय. फक्त मी बुडत होतो तेव्हा तुम्ही तिघं भजी खात होता, आणि बुडबुडे थांबायच्या आत मनीषाने माझी छत्री घेतली, हे मनाला लागलं. म्हणून उद्या तुमच्याकडे जेवायला येत नाही.

येत्या गुरुवारी शोकसभा ठेवावी. मी प्रेक्षकांत बसेन. भाषणं तिघांचीही व्हावीत. मनीषा मनापासून बोलेल असं मला वाटत नाही, म्हणून तिचं भाषण मीच लिहून सोबत जोडलं आहे.

आपला,
कै. संतोष