वाटणी न झालेले शेत

पोलीस खात्यातून निवृत्त होऊन इतकी वर्षे झाली, तरी वाणगावच्या बाजूचे ते दोन भाऊ अजून डोळ्यांसमोर येतात.

तेव्हा तारापूरला अणुवीज केंद्राचे बांधकाम चालू होते आणि आसपासच्या जमिनीला भाव येऊ लागला होता. धाकट्या भावाला आपला हिस्सा वेगळा हवा होता. मामलेदार कचेरीने नकार दिला. शेत मुळातच लहान. तुकडेबंदीच्या कायद्याप्रमाणे त्याचे आणखी दोन तुकडे पाडता येत नव्हते. मग भावांनी आपापसांतच मधोमध दगड रोवले आणि रोजची भांडणे सुरू झाली.

एका सकाळी गावचा पोलीस पाटील ठाण्यात आला.

"साहेब, धाकला कुठं दिसत नाय. थोरल्यानं शेतात खड्डा करून काय तरी पुरलंय."

मी थोरल्याला ठाण्यात बोलावले. अबोल माणूस. समोर ठेवलेला चहा त्याने घेतला नाही.

"भाऊ कुठे आहे?"

"मी मारला त्याला."

हवालदाराने लगेच लेखणी उचलली. मी त्याला थांबवले. पोलिसांपुढची कबुली कोर्टात टिकत नाही, हे तर होतेच; पण खून करून आलेला माणूस सहसा इतके सरळ बोलत नाही.

"कशाने मारलास?"

"हातानं. कानफटात दिली."

"मग?"

"मग तो गेला."

"गेला म्हणजे? मेला?"

तो दचकला. "नाय साहेब! घर सोडून गेला."

"आणि शेतात काय पुरलंस?"

"हद्दीचे दगड. परत आला तर त्याला दिसू नयेत."

पंचांसमक्ष खड्डा उकरला. दगडच निघाले. पण माणूस सापडेपर्यंत संशय फिटणार नव्हता.

दुपारी धाकट्याची बायको ठाण्याच्या पायरीशी येऊन उभी राहिली.

"दादांना सोडा. हे मुरब्याच्या बंदरावर हायत, होडीवर कामाला. इथं राहिलो तर एक दिवस खून पडंल, म्हणाले. मला शपथ घातली, कुणाला सांगू नको."

शिपाई धाकट्याला घेऊन आला. त्याने मान वर केली नाही.

"शेत तुलाच राहू दे, दादा."

"शेत घेऊन काय करू? घरी चल," थोरला म्हणाला, आणि तोंड फिरवून डोळे पुसू लागला.

शेत सामाईकच राहिले. चुली वेगळ्या झाल्या, भात मळणीनंतर वाटून घेऊ लागले. कुरबुरी थांबल्या नाहीत. पण दगड पुन्हा कोणी रोवले नाहीत.

त्यानंतर माझ्या हाताखालच्या प्रत्येक हवालदाराला मी बजावत आलो : माणूस 'मारला' म्हणाला की कशाने, आणि 'गेला' म्हणाला की कुठे, हे विचारल्याशिवाय कागदाला लेखणी लावायची नाही.