हौदाकाठची कर्दळ

शेजारच्या अक्कांना साधे साधे शब्द दोनदा बोलायची सवय होती, एकदा कानडीत आणि एकदा मराठीत. "बा, ये." "नीरु, पाणी." त्यापलीकडं त्या फारशा बोलत नसत. फुलांचीही त्यांना आवड नव्हती. पलीकडच्या बीबीनं तिच्या अंगणातल्या हौदाच्या पाण्यातल्या पायरीवर पिवळी कर्दळ लावली, तेव्हा डास होतात म्हणून त्या तिच्याशी भांडल्या होत्या.

निजामाचं राज्य गेलं त्या साली आमच्या कल्याणी गावात गडबड झाली, मुसलमानांच्या घरांवर लोक चालून गेले आणि बीबीचं घर एका पहाटे रिकामं झालं. पावसाळा सरला तसा हौद आटायला लागला. मग अक्का रोज सकाळी घागर घेऊन तिथं जाऊ लागल्या. कर्दळीची मुळं बुडतील इतकं पाणी त्या राखायच्या, सडलेली पानं काढायच्या, फुलून गेलेले दांडे विळ्यानं छाटायच्या.

मी एकदा विचारलं, "अक्का, कामून जायलाव तिकडं? गल्लीतले लोक नावं ठेवायलेत."

"ठेवू दे. झाड वाळलं तर ती आल्यावर माझ्याशी भांडंल."

"आणि न्हाई आली तर?"

त्यांनी घागर कमरेवर घेतली आणि निघून गेल्या.

संक्रांतीच्या सुमारास बीबी एकटीच परतली. फुललेली कर्दळ बघून ती हौदाच्या काठावर बसली आणि रडू लागली. तिचं रडणं थांबेपर्यंत अक्का शेजारी उभ्या राहिल्या. मग तिचा हात धरून, सगळ्या गल्लीदेखत, त्यांनी तिला आपल्या घरी जेवायला नेलं.